बोटीच्या सरकत्या खिडक्या: झिजलेलं चॅनल, सुकलेलं रबर आणि केबिनमध्ये येणारं पाणी (नाशिक)

गिरणारेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बोटींवर फारसे धागे दिसत नाहीत, तरी विचारतोय. नाशकात काच, अ‍ॅल्युमिनियम आणि रबर या तिन्ही धंद्यांतले जाणकार आहेत, कोकणातून येऊन इथे स्थिरावलेलेही बरेच आहेत.

आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी फायबरची केबिन बोट घेतली, बावीस फुटी. तिची उमेदीची वर्षं अलिबागकडे खाऱ्या पाण्यात गेली. आता गिरणाऱ्याला एका शेतातल्या शेडमध्ये ट्रेलरवर उभी आहे. नोंदणी आणि धरणावरच्या परवानगीचं काम वेगळं चालू आहे, तो विषय इथे नको.

इंजिन ठीक, बॉडी ठणठणीत. दुखणं खिडक्यांचं. केबिनच्या दोन्ही अंगांना दोन-दोन खिडक्या आहेत, प्रत्येकीत एक काच पक्की आणि एक सरकती. चौकट अ‍ॅल्युमिनियमची, कोपरे गोल. सरकती काच दोन्ही हातांनी ढकलली तरी अर्ध्यावर अडते. खालच्या चॅनलमधलं मखमली अस्तर कुजून त्याचा काळा चिखल झालाय. चौकटीभोवतीचं रबर नखाने दाबलं तर तडकतं. शेडच्या पन्हळीचं पाणी बाजूने उडतं, तेवढ्यानेही आतलं बाक ओलं होतं. एका खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातलं प्लाय काळं पडलंय.

चॅनल आणि रबर नाशकात मिळेल का? काम कोणत्या क्रमाने करावं? काचा सरकत्याच ठेवायच्या आहेत. एप्रिल-मेमध्ये बंद केबिनमध्ये माणूस बसू शकत नाही.


काचवाला_सिडको

दादा, बाजारात जायच्या आधी मोजमाप. सरकत्या काचेची जाडी व्हर्नियरने घ्या, पट्टीने नको. पाच आणि सहा मिलिमीटरमधला फरक पट्टीवर डोळ्यांना फसवतो. पाचच्या चॅनलमध्ये सहाची काच जात नाही, आणि सहाच्या चॅनलमध्ये पाचची काच खडखडत राहते. मग चॅनलची बाहेरची रुंदी, दोन्ही भिंतींची उंची आणि आतली फट. नमुना वरच्या आडव्या पट्टीतून कापा. खालचं चॅनल कुजून फुगलेलं असतं, त्याची मापं खोटी येतात.

काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का दिसतो का बघा. असला तर ती टफन केलेली आहे. टफन काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, घासायला गेलात तर सगळी फुटून खडे होतील. म्हणजे चॅनल काचेला शोधायचं, काच चॅनलला नाही.

दुकानात कुणी "डोमलमध्ये (घरच्या सरकत्या खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियम सेक्शनमध्ये) नवीनच बनवून देतो" म्हणाला तर नको म्हणा. मी तेच काम करतो म्हणून सांगतो. घराच्या सेक्शनला सरळ भोक आणि काटकोनी कोपरे लागतात. तुमचे कोपरे गोल आहेत आणि केबिनची भिंत वरच्या बाजूला आत कललेली असणार. घरच्या खिडकीचा ट्रॅक उभ्या भिंतीसाठी असतो, कललेल्या भिंतीत त्यातलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत वळतं.


बॉडीबिल्डर_आडगाव

बसच्या बॉडीचं काम करतो, आडगाव ट्रक टर्मिनलजवळ. तुम्ही सांगताय ते चॅनल आम्ही रोज लावतो. बसच्या सरकत्या काचांना हेच असतं: यू आकाराचं रबर किंवा पीव्हीसी, आत लव, आणि पोटात धातूची पट्टी, म्हणजे वाकवलं तरी आकार धरून राहतं. बॉडी पार्टवाल्याकडे "काचेचं फेल्ट चॅनल" म्हणून मागा, नमुना बरोबर न्या.

काच का अडते ते समजून घ्या. लव झिजते हे खरं, पण काच अडते ती पोटातल्या पट्टीमुळे. पट्टी साध्या लोखंडाची असली की पाणी धरून गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, चॅनलच्या भिंती आत सरकतात आणि काच आवळली जाते. लोक काच तिरकी झाली समजून चौकट ठोकत बसतात.

म्हणून नवीन घेताना पट्टी स्टेनलेसची आहे का विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर चुंबक न्या. लोखंडी पट्टीला तो चटकन चिकटतो, चांगल्या स्टेनलेसला जवळजवळ नाही. तरी शंका राहिलीच तर वीतभर तुकडा मिठाच्या पाण्यात ठेवून द्या. कापलेल्या टोकाला लाल पाणी सुटलं की उत्तर मिळालं. बसला लोखंडी चालून जातं, बस दर काही वर्षांनी आमच्याकडे येतेच. बोटीला नको.


आगबोट

जन्म मालवणचा, आता नाशिकरोड. बोटींची कामं केली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वर दोघांनी सांगितलं ते बरोबर आहे. पण तुम्ही उत्तम चॅनल आणलंत, उत्तम रबर लावलंत, तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच होईल, जर एक गोष्ट पाहिली नाही तर. सरकत्या काचेच्या चॅनलमध्ये पाणी येणारच. लव म्हणजे काही सील नव्हे. ती काच घासू नये, वाजू नये आणि वाऱ्याची झुळूक अडावी म्हणून असते. पाऊस तिच्यातून झिरपतो आणि खालच्या खोबणीत साठतो. हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं, म्हणून चौकटीच्या खालच्या बाहेरच्या ओठाला तो भोकं ठेवतो. खिडकीचं आयुष्य त्या भोकांवर आहे. भोकं मोकळी असली तर जुनाट चॅनलही केबिन कोरडी ठेवतं. बुजली तर नवंकोरं चॅनल पाण्याची पन्हळ होतं, पाणी आतला ओठ ओलांडून बाकावर उतरतं, आणि तुंबलेल्या पाण्यात लव कुजते, पट्टी गंजते. तुमच्या खिडकीची कुंडली हीच असणार.

म्हणून गिरणारेकर, काही खरेदी करायच्या आधी मगभर पाणी खालच्या चॅनलमध्ये ओता आणि बाहेरून बघा. धार लागते का, कुठून लागते, की नुसतं तुंबून राहतं?

दुसरं. चौकट आणि बोटीची भिंत यांच्यातली फट ही निराळी गळती. बाकावरचं पाणी चॅनलमधून येतंय की त्या फटीतून, हे आधी वेगळं केल्याशिवाय रबर बदलू नका. काळं पडलेलं प्लाय मला त्या दुसऱ्या गळतीकडे बोट दाखवतंय.


गिरणारेकर

आगबोटकाका, पाणी ओतलं. एक थेंब बाहेर आला नाही. जरा वेळाने आतल्या बाजूने ओघळ सुरू झाला.

चौकटीचा खालचा ओठ खरवडून पाहिला. प्रत्येक खिडकीला भोकं आहेत आणि आधीच्या मालकाने ती सगळी पांढऱ्या सिलिकॉनने पक्की बुजवली आहेत! बाहेरून भोक दिसलं म्हणजे तिथूनच पाणी आत येतं असं त्यांना वाटलं असावं. एका चौकटीत तर वर रंगाचा हातही फिरवलाय, त्यामुळे इतके दिवस दिसलंच नाही.


दर्शनी_काच

इमारतींच्या काचेच्या दर्शनी भागांचं काम करते, त्यामुळे हा धागा आवडीने वाचतेय. भोकं बुजवलेल्या खिडक्या आम्हालाही वरचेवर भेटतात.

एक हिशोब देते, आकारमान ठरवायला उपयोगी पडेल. वारा काचेवर आदळला की बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढतो आणि तो दाब चॅनलमधल्या पाण्याला आत ढकलतो. नाशिकच्या उंचीवरच्या हवेत ताशी ४० किलोमीटर वाऱ्याचा दाब साधारण ७ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका भरतो. ताशी ६० किलोमीटरचा झोत आला तर सुमारे १६ मिलिमीटर. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो. म्हणजे भोकं मोकळी असूनही, तुमच्या चौकटीचा आतला ओठ पाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम ५ मिलिमीटर उंच असेल, तर जोरदार सरीत पाणी त्यावरून आत येणार. जुलैमध्ये गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवर पश्चिमेकडून जो वारा सुटतो तो आठवा.

त्यामुळे मोजायचं माप म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या ओठातला उंचीचा फरक. तो कमी असेल तर आतल्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमची एल पट्टी लावून ओठ उंच करता येतो. लावताना तिच्याखाली सलग सीलंट हवं, नाहीतर पाणी पट्टीखालून येईल.

भोकांच्या आकाराबद्दलही. तीन-चार मिलिमीटरच्या भोकात पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे पडद्यासारखा अडकून बसतो आणि वाहातच नाही. निदान आठ मिलिमीटरचं गोल भोक ठेवा, नाहीतर आडवी लांबट फट, पाच मिलिमीटर उंच आणि वीस-पंचवीस लांब. फट जास्त चांगली. तिचा तळ चॅनलच्या तळाशी समतल किंवा किंचित खाली हवा. वर राहिली तर तळाला कायमचं पाणी साचेल.


बॉडीबिल्डर_आडगाव

मॅडमनी सांगितलं त्यात एवढंच वाढवतो: नुसतं चौकटीला भोक पाडून काम होत नाही. वर बसणाऱ्या नव्या फेल्ट चॅनललाही त्याच जागी तळाला फट कापावी लागते. नाहीतर चौकटीचं भोक चॅनलच्या पाठीला लागून आंधळं राहतं. आमच्याकडे नवीन पोरं हे विसरतात म्हणून मी चॅनल बसवायच्या आधी खडूने खुणा करायला लावतो.


पाणकोंबडी

मी निफाडची. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला नेहमी जाते. (२०२० मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रातलं ते पहिलं. न गेलेल्यांनी थंडीत जरूर या.) बोट माझ्याकडे नाही, पण सरकत्या काचांची जुनी व्हॅन आहे आणि तिच्यात अगदी हेच होतं.

भोकं बुजवण्यात माणसापेक्षा कुंभारमाशी पटाईत. सहा-आठ मिलिमीटरचं कोरडं, सावलीतलं भोक म्हणजे तिला घरटं बांधायला अगदी मापाची जागा. मातीच्या गोळ्या आणून आत कोळी भरून तोंड लिंपून टाकते. बोट शेतातल्या शेडमध्ये उन्हाळाभर उभी राहणार, तर मृगाच्या आधी प्रत्येक भोकातून नायलॉनचा बारीक ब्रश फिरवा. तार नको, तारेने अ‍ॅल्युमिनियमवरचा अ‍ॅनोडायझिंगचा थर ओरखडतो. जाळी लावायचा मोह होईल, पण जाळीवर गाळ बसतो आणि तीच बुच होते.

आणि एक विनंती. सीलंट काढायची रसायनं, थिनर, जुना रंग खरवडणं, हे सगळं शेडमध्येच, खाली ताडपत्री अंथरून करा. पाण्यावर उभ्या बोटीत नको. गंगापूरचं पाणी नाशिक पितं.


गिरणारेकर

ताई, मान्य. चौकटी काढून कामाच्या टेबलावर आणल्याशिवाय काहीच करणार नाही. बोट तोवर पाण्याजवळ जाणारही नाही.


बंद_खिडकी

सगळ्यांची मेहनत दिसतेय, पण मी वेगळं सुचवतो. सरकत्या काचा काढा, भोकावर अ‍ॅक्रिलिकची जाड शीट बाहेरून चिकटवा आणि विषय संपवा. हवेसाठी छतात एक झडप करा. आजकाल बऱ्याच बोटींना तसंच असतं. जे सरकत नाही ते गळत नाही.


आगबोट

सूचना चांगली आहे आणि समुद्रात लांब जाणाऱ्या बोटीला मीही तेच सांगेन. लाट अंगावर येते तिथे सरकती खिडकी नकोच. पण इथे धरणाचं पाणी आहे आणि नाशिकचा उन्हाळा. छताच्या एका झडपेने हवा फिरत नाही, समोरासमोरच्या खिडक्या लागतात.

अ‍ॅक्रिलिकचंही स्वतःचं दुखणं आहे. एक मीटर लांबीची पट्टी घ्या आणि पहाटेच्या १० अंशांपासून उन्हात तापून ६० अंशांपर्यंत न्या. काच अर्धा मिलिमीटरही वाढत नाही, अ‍ॅल्युमिनियम सव्वा मिलिमीटरच्या आत, आणि अ‍ॅक्रिलिक साडेतीन मिलिमीटर. निफाड-नाशिककडची थंडी आणि तापलेला एप्रिल दोन्ही पाहिलेल्या माणसाला हा फरक पुस्तकी वाटणार नाही. घट्ट स्क्रूने आवळलेली अ‍ॅक्रिलिक शीट भोकापासून तडकते. चिकटवायची तर जाड, लवचिक सांधा लागतो, त्याचं सीलंट निराळं, पृष्ठभागाची तयारी निराळी. पॉलिसल्फाइड सीलंट तर अ‍ॅक्रिलिकला चालतच नाही, त्याने बारीक चिरा पडतात. म्हणजे विषय संपत नाही, बदलतो.


पावसाळी

जरा अवांतर. गंगापूर रोडला वरच्या मजल्यावर राहतो, हॉलच्या सरकत्या खिडकीतून पावसात पाणी येतं. सोसायटीचा माणूस दर वर्षी सिलिकॉन मारून जातो. हा धागा वाचून खाली बघितलं तर बाहेरच्या ट्रॅकला फटी आहेत आणि त्यात सिमेंट भरलंय. बहुतेक प्लास्टरच्या वेळचं. काढू का?


दर्शनी_काच

हो, काढा, पण आतल्या बाजूला वाकूनच, वरच्या मजल्यावर बाहेर लटकू नका. हाताला येत नसेल तर दोरी-झुल्यावर काम करणाऱ्या माणसाला बोलवा. आणि बाहेरच्या ट्रॅकवर सिलिकॉन मारणं बंद करायला सांगा. आतल्या बाजूला चालेल.


गिरणारेकर

मूळ विषयावर येतो. चौकटी काढायला घेतल्या. आतल्या बाजूने चौकटीएवढीच अ‍ॅल्युमिनियमची कडी (रिंग) आहे आणि स्क्रू चौकट आणि कडी या दोन्हींना आवळून धरतात. स्टेनलेसचे स्क्रू, अ‍ॅल्युमिनियममध्ये घट्ट बसलेले, भोवती पांढरी पूड. निम्मे हलत नाहीत. जोर लावला तर डोकं घासून जाईल अशी भीती वाटते.


बॉडीबिल्डर_आडगाव

थांबा, जोर लावू नका. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले आणि मधे खारं पाणी असलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी पूड म्हणजे त्याचाच ऑक्साइड, आणि तोच स्क्रू जाम करतो.

गंजमोकळं करणारं तेल सोडा, रात्रभर ठेवा. मग गरम सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरा. गॅसची ज्योत नको, फायबर जळेल. गार झाल्यावर इम्पॅक्ट ड्रायव्हरने, म्हणजे हातोडीने ठोकून फिरणाऱ्या, हलके ठोके. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. तरीही नाही आला तर स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवा. कडी निघाली की उरलेला दांडा पकडीने फिरतो.


काचवाला_सिडको

चौकट निघाली की सांधा शोधा. बहुतेक वेळा खालच्या किंवा वरच्या पट्टीच्या मध्यावर आतून जोडपट्टी असते. ती सोडली की चौकट थोडी फाकते आणि काचा निघतात. काढायच्या आधी प्रत्येक काचेवर आणि चौकटीवर डावी-उजवी, पुढची-मागची, आत-बाहेर लिहून ठेवा. चारही खिडक्या सारख्या दिसतात, पण हाताने बनवलेल्या बोटीत भोकं सारखी नसतात.

साफसफाई प्लास्टिकच्या खरवडणीने आणि नायलॉनच्या हिरव्या घासणीने. लोखंडी तारेची घासणी अजिबात नाही, तिचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथे खड्डे पडायला लागतात. कॉस्टिक सोडाही नको, अ‍ॅल्युमिनियम त्यात चक्क विरघळतं.

सिलिकॉनची जुनी पुटं शेवटच्या कणापर्यंत काढा. जुन्या सिलिकॉनच्या थरावर कोणतंच नवं सीलंट धरत नाही, नवं सिलिकॉनही नाही. यात घाई केली तर पुढचं सगळं वाया.

चॅनल कापताना खालची पट्टी कोपऱ्यापर्यंत ओढून घट्ट बसवू नका, कोपऱ्यापाशी बोटभर उसंत ठेवा, तिथून पाणी भोकाकडे जातं. वरची आणि उभी सलग चालेल, गोल कोपऱ्यात चॅनल पिचकत असेल तर आतल्या भिंतीला छोटा व्ही खाच द्या. पक्क्या काचेभोवतीचं रबर मात्र मापापेक्षा शेकड्याला एक भाग जास्त कापून दाबून बसवायचं. रबर वर्षागणिक आकसतं. आज नेमकं मापाचं कापलं तर पुढच्या वर्षी कोपऱ्यात फट. जोड नेहमी वर, मध्यावर. खाली कधीच नाही.


आगबोट

रबराच्या प्रकाराबद्दल कुणी बोललं नाही. ईपीडीएम घ्या. ऊन, ओझोन, पाऊस यांना ते उत्तम टिकतं. पण त्याला खनिज तेल चालत नाही, डिझेल-पेट्रोलने फुगतं. स्क्रूसाठी तेल वापरलंत, ते नवं रबर बसवण्याआधी नीट पुसून काढा. आणि नंतर काच सरकावी म्हणून लवेवर ग्रीस किंवा गंजाचा स्प्रे मारू नका. ग्रीसवर शेतातली धूळ बसून त्याचा पॉलिश पेपर होतो. रबर बसवताना साबणाचं पाणी, नंतर कोरडा सिलिकॉन स्प्रे.

आता काळ्या प्लायचं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंत ठोकत जा. टणक आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे आत कुजलंय. दोन फायबरच्या मधलं प्लाय किंवा फोम एकदा भिजला की आपोआप सुकत नाही. कुजलेलं कोरून काढा, सुकवा, आणि भोकाच्या सगळ्या कडेने आतलं गाभ्याचं प्लाय बोटाच्या पेराएवढं आत खणून ती खाच इपॉक्सीत भरणी मिसळून भरा. स्क्रूची भोकंसुद्धा. मग पुढेमागे सांधा गळला तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. या सगळ्या कामात माझ्या लेखी हे सर्वांत महत्त्वाचं, आणि लोक हेच टाळतात कारण बाहेरून काही दिसत नाही.

चौकट बसवायला ब्यूटाइल टेप. सिलिकॉन इथे नको, पुन्हा कधी चौकट काढायची झाली तर जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थरावर, त्याचा डाग राहतो आणि रंग धरत नाही. ब्यूटाइल कधी वाळत नाही, चौकट आणि भिंत वेगवेगळी फुगली-आकसली तरी ताणलं जातं. प्रत्येक स्क्रूच्या गळ्याभोवती त्याची बारीक वळी गुंडाळा. भोकाच्या तोंडाला आधी हलकी चॅम्फर (तिरकी कड) द्या, म्हणजे वळी तिथे अंगठीसारखी दाबून बसते. नंतर हळूहळू आवळा: आज थोडं, उद्या थोडं, ऊन असताना. ब्यूटाइल सावकाश पसरतं, एकदम आवळलं तर सगळं बाहेर येऊन मध्ये काही उरत नाही. नट-बोल्ट असतील तर बोल्ट धरून नट फिरवा. बोल्ट फिरला की भोवतीचं सील तुटतं. स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणारे असतील तर आट्यांना लॅनोलिन (लोकरीची चरबी) लावा, पुढच्या माणसाला सोल्डरिंग आयर्न लागणार नाही.


काचवाला_सिडको

काकांचं ब्यूटाइल मान्य. जिथे सिलिकॉन लागेलच, म्हणजे पक्की काच चौकटीत किंवा दर्शनीताईंची एल पट्टी, तिथे न्यूट्रल क्युअर घ्या. व्हिनेगरचा वास मारणारं सिलिकॉन वाळताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं, ते अ‍ॅल्युमिनियमला खातं. फिशटँकवाल्या काचेला ते चालतं, तुमच्या चौकटीला नाही. नळीवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या, दुकानदार हाताला येईल ती देतो.


गिरणारेकर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, पण काम पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

चॅनल नाशकातच मिळालं, बसच्या बॉडी पार्टच्या दुकानात, स्टेनलेस पट्टीचं. साधं चुंबकाला चिकटत होतं, हे नाही. तुकडा मिठाच्या पाण्यात ठेवला होता, अजून स्वच्छ आहे. ईपीडीएम रबराचा नेमका आकार दुकानात नव्हता, अंबडच्या एका रबरवाल्याकडे जवळचा प्रोफाइल मिळाला आणि तो बसला.

आतल्या ओठाचा फरक आमच्या चौकटीत फारच कमी निघाला, म्हणून एल पट्टी लावली. आता तो अठरा मिलिमीटर आहे. जुनी गोल भोकं लांबट करून फटी केल्या, कानस फिरवून कडा मऊ केल्या आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला थर, मारला. चॅनलला त्याच जागी फटी कापल्या, खडूच्या खुणा करून.

कुजलेलं प्लाय एकाच खिडकीखाली नव्हतं, तिघींखाली होतं. ठोकून बघितलं नसतं तर कळलंच नसतं. गाभा खणून इपॉक्सी भरण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला, पण आगबोटकाका, ते टाळलं नाही.

काच आता एका बोटाने सरकते. चॅनलमध्ये मगभर पाणी ओतलं की फटींतून लगेच धार लागते. आता पाइपने पूर्ण चाचणी घ्यायची आहे. ती कशी घ्यावी?


दर्शनी_काच

खालून वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही. साधा पाइप, नोझल नको. एक माणूस आत टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन. आधी चौकटीचा खालचा सांधा पाच मिनिटं भिजवा, मग उभे सांधे, मग वरचा, सगळ्यात शेवटी काच आणि चॅनल. टिश्यू ओला झाला की पाइप तिथेच थांबवा, खडूने खूण करा. ती जागा कोरडी होईपर्यंत पुढे जाऊ नका.


गिरणारेकर

केली. खालचे आणि उभे सांधे चारही खिडक्यांचे कोरडे. डाव्या पुढच्या खिडकीच्या वरच्या पट्टीतल्या एका स्क्रूपाशी टिश्यू ओला झाला. स्क्रू काढला, ब्यूटाइलची वळी नव्याने गुंडाळली, पुन्हा बसवला. दुसऱ्यांदा कोरडं. त्यानंतर ट्रेलर उघड्यावर ओढला आणि वळवाच्या सरी बघितल्या. चॅनलमध्ये पाणी दिसत होतं, फटींतून बाहेर पडत होतं, बाक कोरडं होतं.

फेल्ट चॅनल थोडं उरलंय, पाच मिलिमीटर काचेचं, दोन-अडीच मीटर. कुणाला नमुन्याला हवं असेल तर सांगा.


पाणकोंबडी

मला हवंय, व्हॅनसाठी! काच पाच मिलिमीटरचीच आहे, व्हर्नियरने मोजली. येत्या रविवारी गिरणाऱ्याकडे येणार आहे. आणि शेडमध्ये कुंभारमाश्या आल्या का ते बघते.


बॉडीबिल्डर_आडगाव

उरलेलं चॅनल द्यायच्या आधी किंवा ठेवताना घट्ट गुंडाळू नका, पोटातली पट्टी मुडपली की सरळ होत नाही. भिंतीला लांब टांगून ठेवा, उन्हापासून दूर. ताई, तुमच्या व्हॅनच्या चौकटीला तळाला फटी आहेत का ते चॅनल कापायच्या आधी बघा. जुन्या व्हॅनमध्ये त्या बहुधा पत्र्याच्या आतल्या घडीत असतात, दरवाज्याचं अस्तर काढल्याशिवाय दिसत नाहीत.